मिलिटरी पँटमधलं घ्यावं काय, सोडावं काय

नाशिक जिल्ह्यातल्या पेठच्या आठवडे बाजारात कपड्यांच्या पालांसमोरून जाताना दोरीला टांगलेली हिरव्या-तपकिरी डागांची ‘मिलिटरी पँट’ लांबूनच नजरेत भरते. कुणी तिला ‘सिक्स पॉकेट’ म्हणतं, कुणी ‘कार्गो’. द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांवर कामाला जाणारी पोरं ती घेतात, मोटारसायकलवरून पाड्यापाड्यांवर फिरणारे कर्मचारी घेतात, आणि पावसाळ्यात सावळघाट ओलांडून भटकायला येणाऱ्या नाशिककरांच्या अंगावरही ती दिसते.

या पँटीत दोन कोडी आहेत. जे कापड माणूस दिसू नये म्हणून छापलं, तेच बाजारात सगळ्यांत उठून कसं दिसतं? आणि शेजारीशेजारी टांगलेल्या, डोळ्यांना सारख्याच वाटणाऱ्या दोन पँटींपैकी एक पहिल्याच पावसाळ्यात आसनात उसवते, तर दुसरी घाणेरीच्या काट्यांतून वर्षानुवर्षं फिरूनही टिकते, ते का?

पहिल्या कोड्याचं उत्तर नक्षीत आहे, दुसऱ्याचं कापडात आणि शिलाईत. विकत घेताना आपण नक्षीला भुलतो. खरी कमाई मात्र कापडाची आणि शिवणीची आहे.

कडा मोडण्याची युक्ती

आपला डोळा वस्तू ओळखतो ती मुख्यतः तिच्या कडेवरून. रंग थोडा इकडेतिकडे झाला तरी चालतं; पण डोकं, खांदे, दोन पाय अशी सलग बाह्यरेषा दिसली की मेंदू क्षणात ‘माणूस’ म्हणून मोकळा होतो. म्हणून लपायचं असेल तर नुसता आसपासचा रंग घेऊन भागत नाही, ती रेषा तोडावी लागते. गडद आणि फिकट डाग थेट कडेपर्यंत नेले की गडद भाग मागच्या सावलीत मिसळतो, फिकट भाग मागच्या गवतात, आणि पाय सलग न दिसता त्याचे तुकडे दिसतात. बिबट्याचे ठिपके हेच काम करतात. पानगळीवर अंडी घालून बसणारा रातवा पक्षी तर पाऊल पडायच्या बेतात असताना उडतो, तोवर दिसत नाही.

ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ह्यू कॉट यांनी १९४० मध्ये प्राण्यांच्या रंगांवर मोठा ग्रंथ लिहून हे तत्त्व सविस्तर मांडलं. त्याची नेमकी परीक्षा मात्र २००५ मध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांनी घेतली. त्यांनी कागदाचे त्रिकोणी पतंग करून झाडांच्या खोडांवर डकवले आणि प्रत्येकाला खायची अळी जोडली. काही कागदांवर डाग कडेला भिडलेले होते, काहींवर तेच डाग कडेपासून आत. कडेला डाग असलेले पतंग पक्ष्यांच्या चोचीतून जास्त काळ वाचले. रंग तेच, फरक फक्त डागांच्या जागेचा.

लष्करांना हे उशिरा कळलं, आणि महाग पडलं. १८४६ मध्ये पेशावरला उभ्या राहिलेल्या ‘गाइड्स’ पलटणीला हॅरी लम्सडेन या अधिकाऱ्यानं मातकट कपडे दिले. आपल्या उपखंडातला खाकी गणवेश तिथून पसरला. पण १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा फ्रेंच पायदळ लाल विजारी घालून मैदानात उतरलं होतं. प्रचंड माणसं गेल्यावर विजारीचा रंग बदलला, आणि १९१५ मध्ये फ्रेंच सैन्यानं चित्रकारांना हाताशी धरून तोफा-वाहनं लपवण्यासाठी स्वतंत्र विभागच काढला. कापडावर छापलेली नक्षी लष्करी वापरात आली ती १९२९ मध्ये, इटलीत. तीही सुरुवातीला तंबूच्या कापडावर.

हल्लीची चौकोनी ठिपक्यांची ‘डिजिटल’ नक्षी ही त्याची पुढची पायरी. कॅनडानं १९९० च्या दशकाच्या अखेरीस आणि अमेरिकेच्या मरीन दलानं २००० नंतर ती वापरात आणली. तिच्यात चौकोनांना जादू नाही. मोठे डाग लांबून काम करतात, बारीक ठिपके जवळून. दोन्ही एकाच कापडावर बसवायचे तर संगणकावर चौकोनांनी आखणं सोपं जातं, एवढंच. आपल्या सैन्याचा नवा गणवेशही याच प्रकारचा आहे. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या, म्हणजे ‘निफ्ट’च्या मदतीनं तो तयार झाला आणि १५ जानेवारी २०२२ रोजी सेनादिनाच्या संचलनात पॅराशूट रेजिमेंटच्या जवानांनी तो पहिल्यांदा घालून दाखवला.

पाठीमागचं रान बदललं की

आता पहिलं कोडं सुटतं. नक्षी एकटी कुणाला लपवत नाही. ती पाठीमागच्या रानाशी जुळली तरच काम करते. बाजारात तिच्यामागे निळी ताडपत्री आणि रंगीत साड्या असतात. तिथे ती झाकणार कशात?

पेठ तालुक्याचं रान वर्षभरात किती रंग बदलतं, ते बघण्यासारखं आहे. आषाढ-श्रावणात डोंगर गर्द हिरवे. दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं. फाल्गुन-चैत्रात सागाची पानं झडून जमीन तपकिरी होते, आणि भाताच्या रोपांसाठी राब भाजलेल्या जागा काळ्याभोर दिसतात. हिरव्या डागांची पँट यातल्या फार तर चार-पाच महिन्यांशी जुळते. सगळ्या मुलखांना एकच नक्षी चालवण्याचा प्रयत्न अमेरिकी लष्करानं २००४ पासून करून पाहिला. राखाडी-हिरवट चौकोनांचा तो गणवेश अफगाणिस्तानच्या तपकिरी डोंगरांत उठून दिसू लागला, आणि अखेर तो मोडीत काढावा लागला.

प्राणी-पक्षी बघायला जाणाऱ्यांना वाटतं, नक्षीची पँट घातली की जनावर जवळ येईल. बहुतेक सस्तन प्राण्यांना लाल आणि हिरवा यांतला फरक आपल्यासारखा दिसतच नाही. त्यांना आधी कळते ती हालचाल, आवाज आणि वास. स्वस्थ बसलेला साध्या मातकट कपड्यांतला माणूस त्यांच्या लेखी नक्षी घालून चुळबुळ करणाऱ्यापेक्षा जास्त लपलेला असतो.

दिवसा सारखी, रात्री वेगळी

अस्सल लष्करी कापड आणि बाजारी नक्कल यांत एक फरक आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. झाडाची हिरवी पानं आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशातला बराचसा भाग शोषून घेतात. पण लाल रंगाच्या पलीकडचा, आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश मात्र मोठ्या प्रमाणात परत फेकतात. रात्री पाहण्याच्या लष्करी दुर्बिणी याच पट्ट्यातला प्रकाश टिपतात. दिवसा पानासारखा दिसणारा साधा हिरवा रंग त्या दुर्बिणीतूनही पानासारखाच दिसेल याची खात्री नसते. म्हणून लष्करी कापडाचे रंग निवडताना ते अवरक्त प्रकाश किती परत फेकतात हेही मोजलं जातं.

याच कारणासाठी असे कपडे धुण्याचे नियम कडक असतात. आपल्या धुण्याच्या पावडरींत कपडे उजळ दिसावेत म्हणून एक द्रव्य घालतात. ते डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून त्यांचा निळसर उजेड बाहेर टाकतं. शाळेच्या पांढऱ्या शर्टाला ते शोभतं, लष्करी कापडाचा मात्र त्यानं घात होतो. खळ घालून कडक इस्त्री करणंही त्याला वर्ज्य.

डोंगरात फिरणाऱ्या सामान्य माणसाला या गुणाचा उपयोग शून्य. लष्करी कापडासाठी जास्त पैसे मोजताना त्यातला काही भाग आपण अशा गोष्टीसाठी देतो, जी आपल्याला कधीच लागणार नाही.

खोंच पुढे का सरकत नाही

आता दुसरं कोडं, म्हणजे मुद्द्याचं कापड. कापडवाला दोन मीटर कापड देताना कात्रीनं कडेला जरासा छेद देतो आणि मग दोन हातांनी टर्रकन फाडतो. छेद नसताना तेच कापड कितीही ओढलं तरी फाटत नाही. अख्ख्या कापडावर ओढ पडली की ती शेकडो धाग्यांत वाटली जाते. छेद असला की सगळी ओढ छेदाच्या टोकाशी असलेल्या एक-दोन धाग्यांवर येते. ते तुटले की पुढचे दोन, मग त्यापुढचे. काट्यानं पडलेली बारीक खोंच संध्याकाळपर्यंत वीतभर होते ती अशी.

यावर दोन उपाय आहेत. पहिला ‘रिपस्टॉप’ नावाच्या विणीचा. साध्या कापडात दर काही मिलिमीटरवर, उभ्या आणि आडव्या दोन्ही दिशांना, जाड किंवा दुहेरी धागा घालायचा. कापड उजेडात धरलं की बारीक चौकटी स्पष्ट दिसतात. भातखाचरांचे बांध जसे असतात, तशा त्या चौकटी. एका खाचराचा बांध फुटला तरी पाणी पुढच्या बांधापाशी अडतं. तशी खोंच चौकटीच्या जाड धाग्यापाशी थांबते, कारण तो तोडायला लागणारी ओढ त्या एका टोकाशी जमत नाही. दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटसाठी रेशमाच्या जागी नायलॉन आलं, तेव्हा ही वीण पुढे आली. हवेत फाटलेलं पॅराशूट शिवता येत नाही, ही तिच्यामागची निकड.

दुसरा उपाय आपल्याकडे जुना आहे: ड्रिलचं कापड. साध्या विणीत आडवा धागा एका उभ्या धाग्यावरून आणि पुढच्याखालून जातो. ड्रिलमध्ये तो दोन किंवा तीन धाग्यांवरून उडी घेऊन मग एकाखालून जातो, आणि दर ओळीला ही उडी एक घर सरकते. म्हणून ड्रिलवर तिरप्या रेघा दिसतात. गाठी कमी असल्यामुळे धागे जास्त दाटीनं बसवता येतात. शिवाय खोंच पडते तेव्हा सुटे धागे जरा सरकून एकमेकांना बिलगतात, आणि ओढ एकट्या धाग्यावर न येता चार-पाच धाग्यांवर येते. ड्रिल वजनाला जड, रिपस्टॉप हलकं. काटेरी रानात रोज काम करणाऱ्यानं ड्रिल घ्यावं, उन्हातान्हात चालणाऱ्यानं रिपस्टॉप.

दाट विणीचा आणखी एक फायदा पेठच्या रानात लगेच कळतो. खाजकुयलीच्या शेंगांवरची लव विरळ विणीतून आत शिरते, दाट विणीवरून पुष्कळशी झटकली जाते. कुसळी गवताचं कुसळ तर जिवंत असल्यासारखं वागतं: हवेतल्या ओलाव्यानं त्याचा पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि या फिरण्यानं त्याचं टोक कापडात रुतत जातं. सैल विणीच्या ट्रॅक पँटीला कुसळं चिकटली की संध्याकाळ ती वेचण्यात जाते. गुळगुळीत, घट्ट कापडावर त्यांना पकड मिळत नाही.

पाऊस, चिखल आणि आग

नाशिक शहरापेक्षा पेठला दुप्पट-तिप्पट पाऊस पडतो. इथे पँट घेताना ती सुती की मिश्र धाग्याची, हा प्रश्न नक्षीपेक्षा कितीतरी मोठा आहे.

कापसाचा तंतू पाणी पृष्ठभागावर न ठेवता स्वतःच्या आत घेतो. कोरड्या वाटणाऱ्या सुती कापडातही वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा असतो, पॉलिएस्टरमध्ये अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून भिजलेली सुती पँट जड होते, मांड्यांना चिकटते आणि पावसाळी हवेत दुसऱ्या दिवशीही दमट राहते. तरी एक गोष्ट सुताच्या बाजूची आहे: भिजल्यावर कापसाचा तंतू कमजोर होत नाही, उलट थोडा मजबूत होतो. पॉलिएस्टर लवकर वाळतं, पण निव्वळ पॉलिएस्टर उन्हात घाम कोंडून ठेवतं. त्यामुळे दोन्ही मिसळलेलं कापड बहुतेक कामांना बरं.

बहुतेक, सगळ्या नाही. पॉलिएस्टर आणि नायलॉन ठिणगीनं वितळतात. सुताला ठिणगी लागली तर भोक पडतं, पेट घेतला तर ते जळतं, पण वितळून कातडीला चिकटत नाही. वितळलेला कृत्रिम धागा चिकटतो आणि भाजणं खोलवर जातं. म्हणून उन्हाळ्यात राब भाजताना, चुलीपाशी किंवा शेकोटीजवळ बसताना अंगात सुतीच पँट असावी. हा फरक दुकानात कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो आहे. आणि आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, चिखलात उतरायचं असेल, तर कुठल्याही लष्कराची पँट गुडघ्यावर खोचलेल्या धोतराची किंवा हाफ पँटची बरोबरी करू शकत नाही.

मांडीवरचा खिसा

ब्रिटिश सैन्यानं १९३८ च्या सुमारास नवा युद्धपोशाख काढला, तेव्हा विजारीच्या पुढच्या बाजूला, मांडीवर, नकाशासाठी मोठा खिसा दिला. १९४२ मध्ये अमेरिकेच्या पॅराशूट सैनिकांना दोन्ही मांड्यांवर मोठे घडीचे खिसे मिळाले. विमानातून उडी मारणाऱ्याच्या छातीवर आणि पाठीवर पॅराशूटचे पट्टे असतात. शिधा आणि दारूगोळा ठेवायला मांडीच उरते. आजची ‘सिक्स पॉकेट’ त्या गरजेतून आलेली आहे.

चांगल्या खिशाला बाजूनं घडी असते, त्यामुळे तो भरल्यावर फुगतो आणि रिकामा झाला की चपटा होतो. झाकणाला बटण असेल तर उत्तम. चिकटपट्टीत चिखल आणि कुसळं भरली की ती धरत नाही. पण या खिशात वजन ठेवायचं नाही. प्रत्येक पावलागणिक ते मांडीबरोबर उचलावं लागतं आणि चढावर गुडघ्याला हिसके बसतात. पाण्याची बाटली पाठीवर, रुमाल आणि बिस्किटाचा पुडा मांडीवर.

घोट्याशी नाडी किंवा बटण असतं तेही शोभेचं नाही. मोहरी आवळून मोज्यात खोचली की गोचीड आणि बारीक किडे आत चढत नाहीत. सापापासून मात्र ही पँट वाचवत नाही. त्यासाठी घोट्यावरचे बूट आणि हातातली काठी हवी.

चौकट : पालासमोर उभं राहून काय बघायचं

• पँट उलटी करा. आसनाची शिलाई दुमडून दोनदा टीप मारलेली आहे का? एकेरी टीप उसवते.
• खिशाच्या कोपऱ्यांवर आणि पट्ट्याच्या लुप्यांवर आडवी दाट शिलाई, म्हणजे ‘बारटॅक’, हवी.
• गुडघ्यावर आणि मागे दुहेरी कापड आहे का, हात आत घालून चाचपा.
• कापड उजेडात धरा. चौकटी फक्त छापलेल्या आहेत की खरोखर विणलेल्या, ते कळतं.
• ओल्या बोटानं आतून घासा. रंग बोटाला लागला तर पहिल्या धुण्यात बाकीचे कपडेही रंगतील.
• परदेशी सैन्याच्या पँटीवर तेरा आकडी क्रमांकाची चिठ्ठी असते. सुरुवातीचे ८४१५ हे आकडे कपड्यांच्या गटाचे. ब्रिटिश पँटीवर ८०/८४/१०० असं लिहिलेलं असेल, तर ती पायाची आतली लांबी, कंबर आणि नितंबाचं माप, सेंटिमीटरमध्ये.
• उकिडवं बसून बघा. आसन ताणलं गेलं तर ती पँट रानात चालणार नाही.

माल खरा की थाटाचा

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचा उरलेला माल लिलावात निघाला, तेव्हापासून ‘डिस्पोजल’चा माल हा शब्द आपल्याकडे रुळला. तोफखान्याची शाळा असलेली देवळाली, पुण्याचं कॅम्प, अहिल्यानगर अशा छावण्यांच्या गावांना त्याची ओळख जुनी. पण आठवडे बाजारातली पँट सहसा लष्कराची नसते, लष्करी थाटाची असते. त्यात वाईट काही नाही, शिलाई चांगली असली म्हणजे झालं.

नक्षीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर लष्करी गणवेशातल्या अतिरेक्यांनी हल्ला केला. त्यानंतर सैन्यानं लोकांना असे कपडे न घालण्याचं आणि दुकानदारांना ते न विकण्याचं आवाहन केलं. २०२२ च्या नव्या नक्षीची तर सैन्यानं नोंदणी करून घेतली आहे. परवानगीशिवाय ती छापणं-विकणं बेकायदा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार, आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं या हेतूनं सैनिकासारखा वेष केला, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा हेतू बघतो, नुसती डागांची पँट घातली म्हणून गुन्हा होत नाही. पण छावणीच्या आसपास किंवा नाकाबंदीत तुमचा हेतू काय होता हे समजावत बसण्यात अर्धा दिवस जाईल. सैनिकाला ओळखण्यात गफलत होऊ नये, एवढी काळजी आपण घ्यायलाच हवी.

दुसरा धोका जास्त रोजचा आहे. नाशिक-पेठ रस्त्यावर धुकं आणि पाऊस असताना, संध्याकाळी, कडेनं चालणारा माणूस ट्रकच्या चालकाला दिसला पाहिजे. बाह्यरेषा मोडणारं कापड इथे आपलं काम चोख करतं, आणि तेच जिवावर बेतू शकतं. वाट चुकली आणि लोक शोधायला निघाले, तरी तीच अडचण.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. लष्करी पँटीचं कापड घ्या, बेतणी घ्या, दुहेरी टीप, दुहेरी गुडघे आणि घडीचे खिसे घ्या. डाग सोडून द्या. राखाडी, मातकट किंवा तपकिरी अशा एकाच रंगाची पँट रानात पुरेशी मिसळते. वर शर्ट किंवा टोपी उजळ रंगाची असली की रस्त्यावर माणूस दिसतो. तयार मिळत नसेल तर गावातल्या शिंप्याकडे जा. एखादी जुनी चांगली ‘सिक्स पॉकेट’ नमुन्याला द्या, सुती ड्रिल आधी भिजवून आटवून घ्या, आसन सैल ठेवायला सांगा, आणि आसनाला व खिशांच्या कोपऱ्यांना दोनदा टीप मारून घ्या.